अंगाला लावायचं औषध

तळेघरपासून आत तासभर चालत गेलं की एक तीस-पस्तीस घरांची वाडी लागते. तिथल्या अंगणवाडीत मंगल मदतनीस होती. सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, दुपारी पोरं पुन्हा ज्याच्या त्याच्या उंबऱ्यात सोडायची, असं तिचं काम. नवरा भिका काविळीनं जाऊन अकरा वर्षं झाली होती. पोटी मूलबाळ नव्हतं. घरी बोलायला माणूस नसल्यामुळं तिचं दिवसभराचं सगळं बोलणं अंगणवाडीतच होऊन जायचं. पोरं तिला मावशी म्हणायची. तीन वर्षांची अक्षदा तर तिच्या पदराला धरूनच चालायची.

मंगलला जवळचं म्हणावं असं माणूस एकच, धाकटा भाऊ रामदास. आई गेली तेव्हा रामदास दोन वर्षांचा आणि मंगल अकराची. तिनं त्याला कडेवर घेऊन नाचणी निंदली, कडेवर घेऊन पाणी भरलं. तिच्या लग्नात तो इतका रडला की सासरच्यांनी त्याला आठ दिवस सोबत पाठवून दिला होता. पुढं तो आश्रमशाळेत दहावी झाला आणि खाली मंचरजवळच्या पेठला खतं-औषधांच्या दुकानात कामाला लागला. अठरा वर्षं त्यानं तिथं पोती उचलली, बाटल्या मांडल्या, कुठल्या किडीला कुठलं औषध हे शेतकऱ्यांना सांगितलं. मालकाच्या मुलानं दुकान हाती घेतल्यावर त्याला काढून टाकलं. मग तो घरामागच्या खोलीत फिनेल बनवायला लागला, नंतर अगरबत्ती, आणि त्यानंतर डासांचं तेल.

त्या वर्षी आषाढात वाडीत डासांनी कहर केला होता. अंगणवाडीची मागची भिंत भाताच्या खाचराला लागून, आणि खिडकीची जाळी दोन वर्षांपासून फाटलेली. आदल्या पावसाळ्यात वाडीतल्या दोघांना डेंगू झाला होता, त्यामुळं आया धास्तावलेल्या. मंगलनं हे सहज फोनवर भावाला सांगितलं. दोन दिवसांनी तो स्वतः एसटीनं आला, तळेघरपासून पावसात चालत, खांद्यावर खोकं घेऊन. खोक्यात बारा हिरव्या बाटल्या होत्या. वर कडुनिंबाच्या पानांचं चित्र आणि खाली लिहिलेलं, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’.

लहान पोरांना चालेल ना, असं तिनं विचारलं. बाटलीवर लिहिलंय की, असं तो म्हणाला. ते लिहिणारा तोच होता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. भाऊ एवढ्या पावसात आपल्या पोरांसाठी आला, ह्यातच तिचं पोट भरलं होतं.

तेल गुणी निघालं. डास अंगावर बसायचे नाहीत, बसलेच तर तिथंच गळून पडायचे. मंगल रोज सकाळी पोरांना ओळीनं उभं करून हातापायांना तेल लावू लागली. सेविका जया रजिस्टरं भरता भरता बघायची. तिनंही काही विचारलं नाही.

अक्षदाचे पाय डासांच्या चाव्यांनी आधीच भरलेले होते. खाजवून खाजवून जागोजाग जखमा झालेल्या. चौथ्या दिवशी मंगलनं तिच्या पायांना सकाळी तेल चोळलं, तासाभरानं पुन्हा चोळलं, आणि पोरगी अजून खाजवतेच आहे असं बघून तिसऱ्यांदा जखमांवर चांगलं जिरवलं.

दुपारी अक्षदानं खिचडीला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळ गळत होती. अंग घामानं ओलं. मंगलनं उचलून उभं केलं तर पाय लटपटले आणि ती खाली बसली. पापण्या आपोआप फडफडत होत्या. जयानं जीपवाल्याला फोन लावला, तोवर मंगल पोरीला उचलून रस्त्याकडं पळत सुटली होती. अक्षदाची आई भागू भाताच्या आवणीच्या चिखलातून तशीच मागं धावत आली. तळेघरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघून लगेच अँब्युलन्सनं मंचरला पाठवलं.

मंचरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी भागूला विचारलं, घरात फवारणीचं औषध कुठं सांडलं होतं का, पोरगी डब्याशी खेळली होती का. भागू म्हणाली, आम्ही भातावर फवारणी करीतच नाही. दाराशी उभी असलेली मंगल पुढं आली.

“मी तेल लावलंय तिला,” ती म्हणाली. “डासांचं. तीन येळा.”

डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली. पोरीचे कपडे काढून तिला साबणानं डोक्यापासून नखांपर्यंत धुतलं, पुन्हा धुतलं. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. थोडं स्थिर झाल्यावर त्यांनी मंगलला बाजूला घेऊन विचारलं की तेल कुठलं. “बाजारातलं,” मंगलच्या तोंडून निघून गेलं. ठरवून बोलली नव्हती. पण बोलून झालं, आणि मग ते माघारी घेता आलं नाही.

अक्षदा पाचव्या दिवशी घरी आली. वाचली, पण बराच काळ ती दचकून उठायची आणि चालताना भिंत धरायची. मंगल भेटायला गेली तेव्हा भागूनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत पोरं येईनाशी झाली. मंगल सकाळी नेहमीप्रमाणे घरोघर जायची. कुणी सांगायचं ताप आहे, कुणी सांगायचं मामाकडं गेलाय, आणि तो मामाकडं गेलेला मुलगा आईच्या मागून डोकावत असायचा. एक-दोन आया मुकाट्यानं डबा पुढं करून खिचडी घरी न्यायच्या. बाकीच्या तेही करायच्या नाहीत. खिचडी मात्र रोज शिजवायचा हुकूम होता. मंगल शिजवायची, झाकून ठेवायची, दुपारी गाईच्या पाटीत ओतायची. जया तिच्याशी कामापुरतं बोलू लागली होती. वरून चौकशी येईल ह्या भीतीनं ती सगळं लिहून ठेवत होती आणि मंगल जवळ आली की वही मिटायची.

एका दुपारी मंगलच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. आदल्या दिवशीही बहुतेक नव्हतो. तिनं पातेलं घासता घासता मोठ्यानं म्हणून बघितलं, “झालं बाई एकदाचं.” रिकाम्या खोलीत तो आवाज तिला स्वतःचा वाटेना.

त्या रविवारी ती पेठला गेली.

भावजय घरी नव्हती. रामदासनं तिला मागच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं. पिंपात तेल होतं, शेजारी बाटल्या, आणि कोपऱ्यात पोत्याखाली एक डबा. मंगलनं पोतं उचललं. डब्यावर लाल खूण होती, कवटी होती. असले डबे तिनं खालच्या शेतांच्या बांधावर पडलेले पाहिले होते.

“हे घातलंस?” तिनं विचारलं.

“थोडंच घातलंय आक्का. नुसत्या निंबाच्या तेलानं डास हटत न्हाई. गिऱ्हाईक एकदा घेतं आन परत येत न्हाई.”

“किती थोडं?”

“झाकणानं मापून. मी अठरा वरसं हेच केलंय. मला कळतंय.”

“तुला भातावर किती मारायचं ते कळतंय,” मंगल म्हणाली. “पोरीच्या पायावर किती, ते कुणी शिकवलं तुला?”

रामदास खाली बसला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडू लागला. पुन्हा करणार नाही, सगळं ओतून टाकतो, तुझ्या गळ्याची शपथ, असं म्हणाला. मंगलनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग स्वतःच स्टोव्ह पेटवून त्याला चहा करून दिला आणि संध्याकाळच्या आत माघारी निघाली. कुणाला सांगायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलं. पोरगी वाचली होती, भाऊ सुधारला होता. आपल्यावर आलेला बोल आपण सोसू, एवढंच तर होतं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती मीठ-साखर आणायला तळेघरला दादाभाऊच्या दुकानात गेली. दाराशी शांपूच्या पुड्यांशेजारी नव्या बाटल्यांची माळ टांगलेली होती. ह्या वेळी बाटली गुलाबी होती. वर हसऱ्या बाळाचं चित्र, खाली ‘बाळांसाठी सौम्य’. मंगलनं एक बाटली काढून झाकण उघडलं. वरून गुलाबाचा वास होता. पण त्याच्या खाली तोच, घशात बसणारा वास होता. तो वास आता तिनं कुठंही ओळखला असता. कोण देऊन गेलं म्हणून विचारलं, तर दादाभाऊ म्हणाला, तुझाच भाऊ की. परवा येऊन थेट भीमाशंकरपर्यंत सगळ्या दुकानांत ठेवून गेला. लई खपतंय.

दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच तिनं रामदासला फोन लावला. तो घाबरला नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणाला, “आक्का, आता निम्मंच घालतोय. काय व्हत न्हाई त्यानं.”

तिनं फोन बंद केला. दादाभाऊला सांगितलं, ह्या बाटल्या विकू नकोस, ह्यात इख आहे. तो हसला. अंगणवाडीतली गोष्ट त्यानं ऐकली होती. ह्या बाईला आता सगळ्यातच इख दिसतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी तिच्या समाधानासाठी त्यानं माळ आत नेली.

दुसऱ्या दिवशी मंगल घोडेगावला गेली. पिशवीत दोन बाटल्या होत्या, एक उरलेली हिरवी आणि एक गुलाबी. आधी ती दवाखान्यात गेली. औषधाचं बघणारे अधिकारी इथं बसत नाहीत, पुण्याला बसतात, असं तिथं कळलं. तिथल्याच एका कंपाउंडरनं बाटली उलटसुलट करून सांगितलं की आजी, हे डासांचं आहे ना, मग शेतकी ऑफिसात विचारा. ती आजीच्या वयाची नव्हती, पण त्या दिवशी तशी दिसत असावी.

कृषी कार्यालयात प्रतिभा नावाच्या अधिकारी होत्या. खतं, बियाणं, कीटकनाशकं ह्यांचे नमुने तपासायला घेणं हे त्यांचं काम. अंगाच्या तेलाचं शेतकी ऑफिसात काय, हे मंगलला समजत नव्हतं. प्रतिभाबाईंनी तिला बसवून समजावलं. डास पळवायला किंवा मारायला जे बनतं ते कायद्याच्या नजरेत कीटकनाशकच, मग ते पिकावर मारा नाहीतर अंगाला लावा. अंगाला लावायचं असेल तर जास्तच कडक. त्यात काय घातलंय, किती टक्के, कुठल्या वयाच्या मुलाला चालतं, दिवसातून किती वेळा, जखमेवर लावायचं नाही, डोळ्यांजवळ लावायचं नाही, हे सगळं आधी तपासतात, मग नोंदणीचा नंबर देतात आणि हे सगळं बाटलीवर छापावं लागतं. त्यांनी दोन्ही बाटल्या फिरवून पाहिल्या. कुठंच नंबर नव्हता. बनवणाऱ्याचा पत्ताही नव्हता.

“जखमेवर लावायचं न्हाई?” मंगलनं विचारलं.

“कधीच नाही. कातडी फुटलेली असली की सरळ रक्तात जातं.”

“मी जखमांवरच जिरवलं, अंगणवाडीतल्या पोरीच्या,” मंगल म्हणाली.

प्रतिभाबाई म्हणाल्या की उघडलेली बाटली पुरावा म्हणून चालत नाही. दुकानात जाऊन न फोडलेला माल घ्यावा लागेल, पंचांसमोर सील करून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. बनवण्याच्या जागीही जावं लागेल. त्यासाठी कुणीतरी लेखी द्यायला हवं. मग त्या जरा थांबल्या. “तुम्ही लिहून दिलं तर तुमचं नाव त्यात येणार. नंबर नसलेलं औषध तुम्ही मुलांना लावलं, हेही येणार. तुमच्या नोकरीवर येऊ शकतं. बनवणारा कोण आहे, माहीत आहे?”

“रामदास. पेठचा.”

“तुमच्या ओळखीचा?”

“धाकटा भाऊ माझा.”

प्रतिभाबाईंनी पेन खाली ठेवलं. आज घरी जा, घरच्यांशी बोला, दोन दिवसांनी या, मी कुठं जात नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ते चांगल्या मनानं म्हटलं होतं.

“घरी कुणी न्हाई बोलायला,” मंगल म्हणाली. “आन माघारी गेले तर मी पुन्हा यायची न्हाई, मला ठाऊक हाय. आत्ताच लिहा.”

अंगठा द्यायचा का असं शिपायानं विचारलं. मंगल सातवी शिकलेली होती. तिनं तीन पानांवर तीन ठिकाणी सही केली. दवाखान्यात ‘बाजारातलं’ म्हणाले ते खोटं होतं, हेही तिनं त्यात घालायला लावलं.

पुढचं सगळं तिला ऐकूनच कळलं. नऊ दुकानांतून माल उचलला. पेठला पिंप, बाटल्या, लेबलं आणि पोत्याखालचा डबा सील झाला. महिन्यानंतर प्रयोगशाळेचा कागद आला. दोन्ही रंगांच्या बाटल्यांत भाजीपाल्यावर फवारायचं औषध निघालं. गुलाबी बाटलीत ते निम्मं नव्हतं, हिरव्यापेक्षा थोडं जास्तच होतं. झाकणानं मापलं की असंच होतं, असं प्रतिभाबाई फोनवर म्हणाल्या. रामदासवर खटला दाखल झाला.

रामदासचा फोन आला नाही. भावजयीचा आला. ती शिव्या देईल असं मंगलला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “तुमी आमाला सांगितलं असतं तर आमी बंद केलं असतं.” मंगलनं सांगितलं होतं. पण ते भावजयीला माहीत नसावं, आणि आता सांगून काय उपयोग, म्हणून तिनं फोन ठेवून दिला. त्यानंतर त्या घरून फोन आला नाही. त्या दिवाळीत भाऊबीजेला मंगलनं ताट केलं नाही.

वाडीत खरं कळलं तेव्हा लोक आपल्याला समजून घेतील, अशी कुठंतरी तिची आशा होती. तसं झालं नाही. भागू तिला पाणवठ्यावर भेटली. कमरेवरची कळशी खाली न ठेवताच तिनं विचारलं, “त्या दिवशी दवाखान्यात का न्हाई बोललीस? तुझा भाऊ हे माहीत व्हतं ना तुला?”

“व्हतं,” मंगल म्हणाली.

“डॉक्टरीण पुन्हा पुन्हा इचारीत व्हती, नेमकं काय व्हतं तेलात. माझी पोरगी पडून व्हती तिथं.”

भागू निघून गेली.

दसऱ्यानंतर बालविकास कार्यालयाचा कागद आला. पुढील आदेशापर्यंत मंगलनं कामावर येऊ नये. जयानं तो वाचून दाखवला आणि किल्ली मागून घेतली. वाचताना तिचा आवाज कापत होता. कारण चार दिवस तीही बघत बसली होती, हे दोघींना ठाऊक होतं. मंगलनं ते कुणाला सांगितलं नाही.

भातकापणीला ती दुसऱ्यांच्या खाचरांत गेली. कापणीला बाया ओळीनं चालतात, बोलतात, एकमेकींची थट्टा करतात. मंगलच्या दोन्ही बाजूंना बाया असायच्या आणि बोलणं तिच्यावरून जायचं, जसं बांधावरून पाणी जातं. कुणी वाईट वागत नव्हतं. भाकरी सोडायच्या वेळी तिलाही चटणी मिळायची. फक्त कुणी तिला काही विचारायचं नाही.

शिमग्याच्या सुमाराला चौकशी संपली आणि तिला पुन्हा कामावर घेतलं. अंगणवाडीच्या भिंतीवर आता एक छापील पाटी होती की मुलांच्या अंगाला कुठलंही औषध, तेल वा मलम लावू नये. खिडकीला नवी जाळी बसली होती. पोरं येऊ लागली होती. पण आया आता स्वतः आणून सोडायच्या आणि स्वतः घेऊन जायच्या, त्यामुळं घरोघर फिरायचं काम उरलं नव्हतं. जखमी गुडघा घेऊन एखादं पोर मंगलकडं आलं की ती त्याला जयाकडं पाठवायची. अक्षदाला भागूनं पलीकडच्या वाडीतल्या अंगणवाडीत घातलं होतं. रोज सकाळी दोघी मायलेकी समोरच्या पायवाटेनं जायच्या. पोरगी आता भिंत न धरता चालत होती, उड्याही मारीत होती. मंगल चुलीपाशी बसून त्या वळणाआड जाईपर्यंत बघायची आणि मग तांदूळ धुवायला घ्यायची.

वैशाखात घोडेगावच्या कोर्टात तिची साक्ष झाली. रामदास वाळला होता. तिनं विचारलं तेवढं सांगितलं. बाटल्या कुणी आणून दिल्या, पोत्याखाली काय दिसलं, फोनवर तो काय म्हणाला. रामदासच्या वकिलानं विचारलं, भावाशी तुमचं जमिनीवरून वगैरे काही भांडण होतं का. ती म्हणाली, “न्हाई. मी त्याला वाढवलंय.” रामदास सगळा वेळ खाली मान घालून उभा होता.

तीनच्या सुमाराला ती एसटी स्टँडवर आली. उन्हानं पत्रा तापला होता. बाकावर चार माणसं सोडून टोकाला रामदास बसलेला होता. त्याला मंचरकडची गाडी हवी होती, हिला तळेघरची. स्टँड एवढासा, जाणार कुठं. ती दुसऱ्या टोकाला बसली. वीस-पंचवीस मिनिटं दोघं समोरच्या रस्त्याकडं बघत होते. त्याच्या शर्टाची वरची गुंडी तुटलेली होती. भावजयीनं अजून लावली नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

एक लाल गाडी धूळ उडवत आली आणि लोक दाराकडं धावले. पाटीवरची अक्षरं उन्हात मंगलला नीट दिसत नव्हती. ती डोळ्यांवर हात धरून वाचायचा प्रयत्न करीत होती, तेव्हा बाकाच्या त्या टोकाकडून आवाज आला.

“आक्का, तुझी गाडी लागली.”

तिनं वळून पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, गाडीच्या पाटीकडं बघत होता. ती क्षणभर थांबली. तो आणखी काही बोलेल असं वाटलं. कंडक्टरनं घंटी मारली. ती “बरं” म्हणाली आणि गाडीत चढली.

खिडकीची जागा मिळाली. गाडी वळून स्टँडबाहेर पडली तेव्हा तो बाकावर तसाच बसलेला होता. पुढं डोंगर लागला, गाडी हळूहळू चढू लागली, एकेक गाव मागं पडलं, माणसं उतरत गेली. तळेघरला ती उतरली तेव्हा गाडीत तीनच माणसं उरली होती. ऊन कलायला लागलं होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वाडीची वाट धरली.